हिरूला आधी विचारायचं

सरावली,
१४ जानेवारी १९८४

ती. ताईस एकनाथचा नमस्कार.

काल शुक्रवारची सुट्टी होती, दांडीला जाऊन आलो. हिरूचा खोकला गेला. अंगाने भरली आहे. काशीआते तुझी चौकशी करत होती. एवढ्यावर पत्र संपवायला हरकत नव्हती, पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे.

वैतरण्याहून नामदेवदादा आणि नलूवहिनी आले होते. त्यांनी हिरूला मागितलंय. कायमची. दादा आपला सख्खा मामेभाऊ, रेल्वेत कायम नोकरी, स्टेशनाला लागून क्वार्टर, आणि लग्नाला अकरा वर्षं होऊन घरात मूल नाही. यातलं तुला काही नवीन नाही. अक्षय तृतीयेचा दिवस चांगला आहे, त्या दिवशी घेऊन जाऊ म्हणाले. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही म्हणायला माझ्याकडे काय आहे ते तूच सांग. जमना गेली तेव्हा हिरू दहा दिवसांची होती, आता तीन महिन्यांची झाली. मी रंगाच्या कारखान्यात तीन पाळ्या करणार आणि सरावलीला चौघांत एका खोलीत राहणार. दांडीत काशीआते शेजारधर्माने तिला सांभाळते, पण तीही सत्तरीला टेकली. तिने बोंबील सुकवायचे की आपली पोर बघायची?

आणि खरं सांगू का ताई, पोरीलाच मी नको आहे. मी उचललं की ती दोन्ही हात फेकते, पडता पडता माणूस काहीतरी धरायला बघतो तसे. मग लाकडासारखी ताठ होते आणि रडते. काशीआतेकडे गेली की पुन्हा मऊ. तीन महिन्यांचं मूल काही नाटक करत नाही. तिच्या मनात जे आहे तेच ती दाखवते, असं मी धरून चाललोय.

तुझं काय म्हणणं ते कळव.

तुझा
एकनाथ


पालघर,
१९ जानेवारी १९८४

चि. एकू,

पत्र पोचलं. नामदेव-नलूबद्दल मी आज काही लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, एवढंच.

पण पोरीला बाप नको झालाय हे तू कुठल्या शाळेत शिकून आलास? चौदा वर्षं मी नर्सचं काम करते आहे. पालघरच्या पूर्वेचे पाडे पायी पालथे घातलेत, वजनाच्या झोळीत घातलेली पोरं मोजायला गेले तर आकडा लागायचा नाही. तीन महिन्यांच्या पोराला बाप ही काय वस्तू असते ते ठाऊकच नसतं. त्याला हात ठाऊक असतात, आवाज ठाऊक असतो, वास ठाऊक असतो. तेव्हा तू स्वतःला एवढा मोठा समजू नकोस.

आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. मशीन बिघडली की साहेबाला सांगतोस तसं, काही न वगळता. तू तिला उचलतोस कसा? समोरून जातोस की बाजूने? आधी काही बोलतोस का? कुठला हात कुठे घालतोस? लाजायचं काही कारण नाही, तुझं ढुंगण मी धुतलेलं आहे.

जेवत जा वेळेवर.

तुझी
ताई


सरावली,
२८ जानेवारी १९८४

ती. ताईस नमस्कार.

विचारलंस म्हणून लिहितो. वाचून फाडून टाक.

आमच्या खात्यात दसऱ्यापासून पिवळा रंग चालू आहे. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे झालेत. साबण झाला, रॉकेल झालं, वाळूने घासून झालं, रेघांतला आणि नखांतला रंग हटत नाही. खोलीतला रामसमुझ म्हणतो, “भैया, तुम्हारी तो रोज हल्दी लगती है.” माणसांत मी हात पाठीमागे धरूनच उभा राहतो, आता सवयच झाली आहे. ते हात हिरूने बघू नयेत. म्हणून ती पाळण्यात असली की मी तिच्या डोक्याकडच्या बाजूने जातो, तिला दिसणार नाही असा, आणि खालून हात घालून एका दमात वर घेतो. बोलत नाही, कारण आवाजाने आधीच रडेल. एकदा छातीशी आली की हात तिच्या पाठीवर असतात, तिला दिसत नाहीत.

काशीआते माझ्यावर खेकसते. म्हणते, “पोर हाय का पाटी हाय ती?” पाटीवरून बोलते त्यात तिचं चूक नाही. होडी आली की आपण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचो, आणि वरून माशांची पाटी आली की खालून हात घालून लगेच ओढायची. थांबलास तर पुढची लाट पाटीसकट तुला घेऊन जायची. बाराव्या वर्षापासून कारखान्यात लागेपर्यंत मी तेच केलं. वजन उचलायची दुसरी रीत मला येत नाही.

झालं तुझं समाधान?

एकनाथ


पालघर,
२ फेब्रुवारी १९८४

चि. एकू,

पत्र फाडलेलं नाही. फाडणारही नाही.

अरे शहाण्या, बाळाच्या मागून जाऊन, न बोलता, न दिसता त्याला पाळण्यातून हिसकून वर घेतलं तर ते काय हसेल? तुला झोपेत कुणी तसं उचललं तर तू काय करशील? दोन्ही हात फेकशील आणि ओरडशील. हिरू तुझ्या हातांना घाबरत नाही. ते तिला दिसतच नाहीत, म्हणून घाबरते.

तुला वाटेल ताईला सगळंच ठाऊक असतं. तसं नाही. हे मला चौदा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, गेल्या पावसाळ्यानंतर मंगळीने शिकवलं. मंगळी ही एका पाड्यावरची वारलीण, पहिलटकरीण, वय असेल अठरा-एकोणीस. मी तिच्या पोराला टोचायला गेले होते. पोर पाठीवर फडक्यात बांधलेलं आणि ही डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन माझ्याबरोबर बोलत चालली होती. बोलता बोलता मध्येच थांबली, मोळी टाकली, फडकं सोडलं, पोराला पुढे धरलं, आणि पोर मुतलं. तिचं फडकं कोरडं. मी विचारलं, तुला कसं कळलं ग? तर म्हणे, “त्यानं सांगलं ना.” मी म्हटलं, मला तर काही ऐकू आलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली, मी जरा कमी डोक्याची असल्यासारखी. म्हणाली, “तोंडानं नाय बाय. पाठीवर सांगलं.”

एकू, माझ्या बॅगेत सर्टिफिकेट आहे, तराजू आहे, तक्ते आहेत. आणि ती मुलगी पाठीने ऐकत होती. त्यानंतर मी पोरं नुसती मोजायची सोडून बघायला लागले. कधी बघ, आईने हात पुढे केले की दोन-तीन महिन्यांचं पोरसुद्धा हात लागायच्या आधीच अंग सावरतं. हनुवटी वर करतं, खांदे आवळतं, पाय पोटाशी घेतं. म्हणजे काय, तर घे, मी तयार आहे. मान अजून धरायला शिकतंय, बोलणं तर वर्षभर लांब आहे, आणि तरी समोरच्या माणसाच्या कामात ते आपला वाटा उचलतं. एवढी मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होती आणि मी वजनाचा काटा बघत होते.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी असं कर. समोरून जा. बोल. दोन्ही हात तिला दिसतील असे पुढे धर. आणि थांब. ती तयार झाली तरच उचल. तिला विचारायचं आधी, एवढंच.

हात पिवळे असोत की निळे.

तुझी
ताई


सरावली,
११ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस,

तुझ्या सांगण्याप्रमाणे काल केलं. समोर गेलो, बोललो, हात पुढे धरले आणि थांबलो. हिरूने माझ्या हातांकडे टक लावून पाहिलं. मग मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिली. मी आणखी थांबलो. तिने वळूनही पाहिलं नाही. काशीआते बाहेर वलांडीवर बोंबील टांगत होती, पण तिचं सगळं लक्ष आत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात खिशात घातले आणि बसला निघून आलो.

तू विचारायला सांगितलंस, मी विचारलं, तिने नाही म्हटलं. आता या विषयावर मला काही लिहू नकोस.

एकनाथ


पालघर,
१२ मार्च १९८४

चि. एकू,

महिना झाला, तुझं पत्र नाही. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. दांडीहून आलेल्या कोळणीने सांगितलं की काशीआतेच्या पायात शिंगाळा माशाचा काटा गेलाय आणि पाय सुजून टम्म झालाय. मग हिरूकडे कोण बघतंय? मला इथे लसीकरणाचं काम आहे, पंचवीस तारखेपर्यंत रजा नाही. या कार्डाचं उत्तर उलट टपालाने दे. रागावायचं ते नंतर रागाव.

ताई


सरावली,
२४ मार्च १९८४

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

हिरूकडे मी बघत होतो.

काशीआतेचा निरोप आला आणि मी सहा दिवसांची रजा टाकून दांडीला गेलो. जमना गेल्यापासून त्या घरात मी एक दुपारसुद्धा सलग काढली नव्हती, हे तुला कधी लिहिलं नाही. शुक्रवारी यायचो तोही काशीआतेच्या ओसरीवर बसून परत. या वेळी आमच्याच घरात चूल पेटवली, कारण दूध गरम करायचं होतं. काशीआतेला खाटेसकट आमच्याकडे आणलं. ती खाटेवरून हुकूम सोडणार आणि मी करणार.

पहिला दिवस वाईटच गेला. मी हात पुढे करायचो, हिरू मान फिरवायची, मी हात मागे घ्यायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी काशीआतेच्याने बघवेना. म्हणाली, “आरं, तोंड फिरवलं म्हंजे नाय म्हनाली असं कोन सांगलं तुला? येवडंसं पोर हाय, येवडा मोटा मानूस तोंडासमोर आला, ते दम खाते. तू पन खा. हात काडू नको.”

मग मी हात तसेच ठेवून बसलो. ताई, खरंच सांगतो, मला वाटलं दुपार होईल. हिरूने भिंत बघितली, वाशाला टांगलेलं जाळं बघितलं, आणि मग आपणहून वळली. माझ्या तोंडाकडे बघितलं, हातांकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे. आणि मग तू लिहिलं होतंस तसं झालं. हनुवटी वर आली, खांदे आवळले, पाय पोटाशी गेले आणि दोन्ही हात माझ्या हातांच्या मध्ये जागा करून बाजूला झाले. मी तिला अजून हात लावला नव्हता. माझे हात वीतभर लांब होते. एवढंसं अंग, आणि त्याने माझ्यासाठी जागा केली.

उचललं तर वजनच लागलं नाही. दर शुक्रवारी मी जे लाकूड उचलत होतो ते हेच पोर का, असा प्रश्न पडला. मी रडलो. काशीआतेने तिकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं.

पुढचे चार दिवस मी कुठेच गेलो नाही. तुला हसू येईल, पण मी तिच्याशी बोलतो. मी बोलत असलो की तिचे पाय थांबतात, बोटंसुद्धा हलत नाहीत. मी थांबलो की तिचे पाय सुरू. लाथा मारते, हात उडवते, मग थांबून माझ्याकडे बघते, आता तुझं चालू दे अशी. मी मुद्दाम गप्प राहून बघितलं, तर एक पाय उचलून तसाच हवेत धरून ठेवला माझी वाट बघत. आमच्या खात्यात एवढं धीराने ऐकून घेणारा एक माणूस नाही. दूध पुरे झालं की बाटलीला पालथा हात लावते, ढकलत नाही, नुसता लावते. नाहीच ऐकलं तर मग पाठीची कमान करते. आणि एक गंमत सांगायची राहिली. तिला माझे पिवळे हात आवडतात. एकेक बोट धरून तोंडात घालायला बघते, मीच देत नाही.

काशीआतेचा पाय उतरला. परवापासून ती उभी राहून काम करते आहे, म्हणून मी कामावर आलो. इकडे खोलीत चौघं असूनही फार शांत वाटतं.

तुझा
एकनाथ


पालघर,
३० मार्च १९८४

चि. एकू,

तुझं पत्र मी दवाखान्यातल्या साखरबाईला वाचून दाखवलं. ती आमच्याकडे झाडलोट करते आणि तिला सात नातवंडं आहेत. पाय हवेत धरून ठेवण्याचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. म्हणाली, पोरगी हुशार हाय आन बाप आता कुटं हुशार व्हायला लागलाय.

मला किती बरं वाटलं ते काय लिहू. रजा मिळाली की मी हिरूला बघायला येते. पाच महिन्यांची मुलं मी हजार पाहिली असतील, पण आपल्या हिरूसारखं कोणी नाही, हे मी नर्स म्हणून नाही, आत्या म्हणून लिहिते.

आता एक काम राहिलं. नामदेवला पत्र टाक की आमचं जमणार नाही. आता तुझ्याकडे कारण आहे. हिरूनेच निकाल दिला, आणखी काय पाहिजे? अक्षय तृतीयेपर्यंत नलूला आशेवर ठेवणं बरं नाही.

तुझी
ताई


सरावली,
१४ एप्रिल १९८४

ती. ताईस नमस्कार.

तुझ्या पत्राला पंधरा दिवस उत्तर दिलं नाही, कारण खरं लिहायचं धैर्य होत नव्हतं.

जानेवारीत मी तुला खोटं लिहिलं. अजून हो म्हटलेलं नाही असं लिहिलं होतं, पण आदल्याच दिवशी मी नामदेवदादांना शब्द दिला होता. काशीआतेसमोर, हातात नारळ देऊन. तुला विचारल्यासारखं केलं ते तू भलं केलंस म्हणावंस म्हणून.

नलूवहिनी त्यानंतर तीनदा दांडीला येऊन गेल्या. मी तुला कळवलं नाही. त्या कशा येतात ते सांगतो. आल्या की काशीआतेजवळ बसतात, तिला बोंबील टांगू लागतात आणि हिरूकडे बघत राहतात. एकदम हात लावत नाहीत. काशीआते कशी उचलते, कशी खाली ठेवते, सगळं बघून घेतलंय. मला सहा दिवस लागले ते त्यांना एका सकाळीत आलं. हिरू त्यांच्याशी खेळते. क्वार्टरात पाळणा बांधून झालाय, दादांनी दोन कड्या स्वतः ठोकल्या, असं वहिनींनीच सांगितलं. अशा माणसांना मी कुठल्या तोंडाने पत्र टाकू?

तू म्हणतेस हिरूने निकाल दिला. मग देऊ दे तिलाच. त्या दिवशी वहिनी हात पुढे करतील. हिरू तयार झाली तर घेऊन जावं. नाही झाली तर मी शब्द मोडीन. मला याहून चांगली वाट दिसत नाही.

तुझा
एकनाथ


पालघर,
२० एप्रिल १९८४

चि. एकू,

तू खोटं लिहिलंस म्हणून मी रागवायला बसले होते. पण आधी माझं ऐक.

नलूला तुझ्याकडे मी पाठवलं. डिसेंबरात वैतरण्याला गेले होते तेव्हा मीच तिला म्हटलं की एकूकडे पोर मागा, तो नाही म्हणणार नाही. तोवर तिच्या मनातही नव्हतं. जमनाच्या दिवसकार्याला सगळे जमले होते, हिरू बायकांच्या मांडीवरून मांडीवर फिरत होती, आणि तू दारात उभा होतास, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. तासभर तसाच. कुणीतरी हिरूला तुझ्याकडे द्यायला आली तर तू मागे सरकलास. मी मनात म्हटलं, याला पोर नको आहे. बिचाऱ्याला बोलता येत नाही, आपणच त्याची सुटका करू.

मंगळीकडून शिकले म्हणून मोठ्या तोऱ्यात तुला लिहिलं, आणि सख्ख्या भावाचं अंग मला वाचता आलं नाही. तू रंग लपवत होतास. जानेवारीच्या पत्रात ते वाचलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं, पण तुला सांगायची लाज वाटली. म्हणून तुला उचलायला शिकवत बसले. मनात होतं, तुमचं दोघांचं जमलं की माझी चूक आपोआप मिटेल. ती मिटलेली नाही. तिकडे पाळणा बांधला गेला.

तेव्हा तुला काय कर असं सांगायचा मला हक्क नाही. तू ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूला आहे. म्हणशील तर नामदेवला मी तोंडाने सांगते.

तुझी
पुष्पाताई


दांडी,
६ मे १९८४

ती. ताईस एकनाथचा नमस्कार.

वरचा पत्ता बघून तुला कळलं असेल. सरावलीची खोली सोडली. सायकल घेतली आहे, उद्यापासून इथूनच कारखान्यात ये-जा करीन. साहेबाला सांगून रात्रपाळी तेवढी बदलून घेतली. दिवसा काशीआते आहे.

झालं ते सगळं लिहितो. शुक्रवारी, अक्षय तृतीयेला, सकाळच्या एसटीने दोघं आले. वहिनींनी पिशवी भरून झबली-टोपडी आणली होती, सगळी हाताने शिवलेली. काशीआतेने चहा केला. हिरू चटईवर उशांना टेकून बसली होती. वहिनी तिच्यासमोर बसल्या. घाई नाही काही नाही. आधी बोलल्या, तिचे पाय उडवून होईपर्यंत ऐकून घेतलं, मग दोन्ही हात पुढे केले आणि थांबल्या. ताई, इतकं छान थांबलेलं मी कुणाला पाहिलं नाही, काशीआतेलासुद्धा नाही. हिरूने हात बघितले, तोंड बघितलं, एकदा मान फिरवून दम खाल्ला, आणि दोन्ही हात वर करून, सगळं अंग पुढे टाकून त्यांच्याकडे गेली. मांडीवर उभी राहून उड्या मारायला लागली.

तयार झाली तर न्यावी, असं मीच ठरवलं होतं. दादा पिशवी आवरायला लागले. मी हिरूकडे बघत राहिलो आणि मला कळलं की मी काय करून बसलोय. ती हो म्हणाली ती उचलून घ्यायला. वैतरण्याला जायला नाही. तिला जो नीट विचारील त्याला ती हो म्हणणार, तिचा स्वभावच तसा मोकळा आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. बाप कुणाला करायचं हा प्रश्न सात महिन्यांच्या पोरीला मी घातला, कारण तो मला स्वतःला घालायचा नव्हता.

मग मी बोललो. म्हटलं, “दादा, मी शब्द दिला व्हता. तो मी मोडतो. हिरूला मी देनार नाय.”

दादा पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. म्हणाले, “अकरा वरसं आमी कुनापुडं हात पसरला नाय, एकनाथ. तू हो म्हनलास म्हनून पाळना बांदला.” त्यांचं खरं होतं. त्यांचा आवाज चढत गेला. तसं हिरूच्या उड्या थांबल्या, अंग गोळा करून ती वहिनींच्या छातीला चिकटली. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याला खूण केली, हळू, ती भ्याली. दादा लगेच थांबले. एवढं सगळं तुटत असताना त्या बाईला आधी पोरीचं सुचलं.

काशीआते चुलीपाशी पदर डोळ्याला लावून बसली होती. वहिनी हिरू शांत होईपर्यंत बसून राहिल्या, मग उठून माझ्यासमोर आल्या. हिरूच्या कानाशी म्हणाल्या, “जा, बाबाकडं जा.” मी हात पुढे केले. हिरू वळली, हात पसरले आणि आली, हसत. यात कुणाचं काय गेलं ते तिला कुठलं कळायला.

वहिनींचे हात मात्र खाली आले नाहीत. कोपरात वाकलेले, तळवे वर, मध्ये हिरूएवढी जागा. चपला घातल्या तरी तसेच, अंगणात आल्या तरी तसेच. दादांनी पिशवी त्यांच्या हातावर ठेवली तेव्हा कुठे ते हलले. जानेवारीत मला यातलं काहीच दिसलं नसतं. मी म्हटलं असतं, बाई गप्प गेली, फार वाईट वाटलेलं दिसत नाही. आता हे बघायला शिकलो आहे आणि बघितल्यावाचून राहता येत नाही.

मला पोर मिळाली. माझं सुख मी लपवत नाही, आत्ता ती माझ्या मांडीवर आहे आणि लिहिणारा हात धरू बघते आहे, म्हणून अक्षर असं झालंय. पण एवढं माझ्यासाठी कर. रजा मिळेल त्या दिवशी तू वैतरण्याला जा. समजूत घालू नकोस, माझी बाजू मांडू नकोस, नुसती वहिनींजवळ बसून ये. मीच जायला हवं हे मला कळतं. पण मी दारात उभा राहिलो तर त्या आधी माझ्या हातांकडे बघतील, हिरू आहे का म्हणून.

तुझा
एकनाथ